गंगूबाईंची झडप

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर आधी काहीच दिसत नाही. नुसता धूर. त्या धुरातून कोणीतरी खोकतं, बांगड्या वाजतात, फुंकणीचा आवाज येतो. आमच्या नाटकात देव प्रकट व्हायचे असले की राळ जाळून असाच धूर करीत. इथे देव नव्हते. इथे कमल होती, पदराने डोळे पुसत नऊ माणसांच्या पोळ्या लाटणारी.

जुन्या इंदुरातलं हे अप्पासाहेबांचं घर. मातीच्या जाड भिंती, वर बांबूंवर अंथरलेले कवेलू म्हणजे मातीची कौलं, आणि स्वयंपाकघराला जेमतेम हातभर खिडकी. मध्य प्रदेश होऊन सहा वर्षं झाली होती. आमची नाटक कंपनी बंद पडल्यावर मी या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होते. कमल अप्पासाहेबांची सून. तुकोगंजच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासून बजावलं होतं, "यांना धुरातून बाहेर काढा, नाहीतर दोन वर्षांत सुईत दोरा ओवता येणार नाही."

त्याच सुमारास जुन्या मातीच्या घरांतून बिनधुराची चूल घालायला सरकार निम्मा खर्च देऊ लागलं. उरलेला निम्माच काय तो अप्पासाहेबांच्या पेन्शनीत बसणारा होता. अट एकच होती. साहेब पाहायला येईल तेव्हा चुलीने धूर करता कामा नये. ही चूल घालायला आल्या गंगूबाई.

काय ती एन्ट्री! उंच, सावळ्या, काष्टा घट्ट खोचलेला, आणि सियागंजातून आणलेला पत्र्याचा नळ खांद्यावर बंदुकीसारखा. सासरे होळकरांच्या फौजेत, नवराही फौजेतच. फौज मोडली, पाठोपाठ नवरा गेला, आणि भाऊबंदांनी सांगितलं, आता घरात बसा. त्या बसल्या नाहीत. इंदुराजवळ सांवेरला चुली घालायचं शिक्षण देत होते, तिथे वीस पुरुषांत एकट्या जाऊन शिकल्या. "घोडेस्वाराची बायको मी, बाई," मला म्हणाल्या होत्या, "बाकड्यावर बसायला काय घाबरायचं?" पुढे, या घरानंतरही, वीसेक वर्षं त्यांनी गल्लोगल्ली चुली घातल्या. माती चिमटीत धरून जिभेला लावून पाहायच्या. मळताना तिला लाडाने शिव्या द्यायच्या. नव्या चुलीवरचा पहिला चहा झाल्याशिवाय त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत.

अप्पासाहेब जन्मभर होळकरांच्या दफ्तरात कारकून. आक्षेप काढणं त्यांच्या रक्तातच. छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "गंगूबाई, हे बांबू माझ्या आजोबांच्या वेळचे. धुराने काळे झालेत म्हणून कीड लागली नाही. धूर बंद केलात की घर खाली येईल."

आम्हाला वाटलं, आता जुंपणार. गंगूबाईंनी थापी खाली ठेवली. "बराबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी तोड काढली. धुराडं जिथे माळ्यातून वर जात होतं तिथे नळाला एक झडप बसवली. रोज बंद. महिन्यातून एकदा, स्वयंपाक आटोपल्यावर, चुलीत कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि झडप उघडायची. धूर माळ्यावर फिरतो, बांबूंना लागतो, कवेलूंच्या फटींतून निघून जातो. अप्पासाहेब इतके खूश झाले की आठ दिवसांत ती झडप त्यांनी स्वतःच शोधून काढल्यासारखी गल्लीभर सांगत सुटले.

तपासणीला शरद नावाचा तरुण साहेब आला. पांढरीशुभ्र पॅन्ट, हातात फाइल. गंगूबाईंनी चूल पेटवली. लाकडं तडतडली, पण स्वयंपाकघरात धुराची रेघ नाही. कमलचे डोळे कोरडे! शरदने सहीसाठी पेन काढलं.

तेवढ्यात अप्पासाहेब शिडीवर चढले. "ठहरो साहेब, खरी करामत तर वर आहे!" आणि त्यांनी झडप सर्रकन ओढली.

भर पेटलेल्या चुलीचा सगळा धूर माळ्यावर कोंडला, फटींतून मावेना, आणि तिथून खाली उतरला. शरद खोकून खोकून लाल झाला. "ये क्या है? ही बिनधुराची चूल? ही झडप बुजवा, तरच अनुदान मिळेल. नाहीतर नामंजूर. आणि गंगूबाई, तुमचं नावही चुली घालणाऱ्यांच्या यादीतून काढावं लागेल."

अप्पासाहेब काजळलेल्या तोंडाने शिडीवरच थिजले. गंगूबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्या म्हणाल्या, "चूक माझी, साहेब. झडपेला कडी लावायला पाहिजे होती."

कमल हळूच म्हणाली, "मावशी, बुजवा ना ती. नामंजूर झाली तर पुन्हा जुनीच चूल. मला रोजचा धूर नको हो आता."

"बुजवते, बेटा. आधी साहेबांनी एक चीज हातात धरावी." त्यांनी पिशवीतून वीतभर बांबू काढून शरदला दिला. "दाबा."

शरदने दाबला. बांबूचं पीठ झालं आणि त्या शुभ्र पॅन्टवर सांडलं.

"सांवेरची माझी पहिली चूल," गंगूबाई म्हणाल्या. "एकदम बिनधुराची. मला शाबासकी मिळाली होती. तिसऱ्या पावसाळ्यात बांबूंना कीड लागून छप्पर बसलं. माणसं शेतावर होती म्हणून वाचली. तेव्हापासून त्या छपराचा हा तुकडा पिशवीत ठेवते. डोळे वाचवायचे आणि डोकं फोडायचं, असं तुमच्या कागदावर लिहिलंय का, भिया?"

शरदने पॅन्ट झटकली आणि फाइल उघडून नियम वाचायला घेतला. दोनदा वाचला. मग म्हणाला, "इथे लिहिलंय, स्वयंपाक करताना धूर नसावा. करताना." त्याने पाट ओढला. "झडप बंद करा आणि पूरा स्वयंपाक करून दाखवा. मी बसतो."

कमलने नऊ माणसांचा स्वयंपाक केला, दहावं पान साहेबांचं वाढलं. शेवटची पोळी फुगेपर्यंत तो धूर शोधत राहिला. सापडला नाही. जेवून हात धुतले आणि सही केली. "पण झडप कोण उघडणार, कधी उघडणार, हे लिहावं लागेल," तो म्हणाला.

अप्पासाहेब कोपऱ्यात तोंड पुसत उभे होते. त्यांच्याकडे पाहत गंगूबाई म्हणाल्या, "लिहा साहेब, दर अमावास्येला, स्वयंपाक आटोपल्यावर, अप्पासाहेब स्वतः उघडतील. आणि धूर पूर्ण जाईपर्यंत कमल बाहेर ओट्यावर बसेल, तिला आतून कोणी हाक मारायची नाही."