मडक्यात राखलेले सहा मासे
ओल्या गोणपाटाचा वास आला की मला यमुनेतलं ते होडकं आठवतं. दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समागे एका खोलीत आम्ही चौघं राहायचो, बाबा सरकारी ऑफिसात रोजंदारीवर होते, आणि दहावीनंतर मला शिवणक्लासला घालायचं ठरलंच होतं. बाबा वैनगंगेकाठचे, गळ टाकण्यात तरबेज. म्हणून नोएडात नवं घर बांधलेल्या त्यांच्या साहेबांनी एका रविवारी त्यांना यमुनेवर मासे धरायला सोबत नेलं. आमिषाच्या माशांचं मडकं सांभाळायला मी. मरळ हा मोठा शिकारी मासा, त्याला आमिष जिवंतच लागतं. आमचे बारीक मासे नदीच्याच पाण्यात होते, मडक्याभोवती ओलं गोणपाट. साहेबांनी घरच्या नळाचं पाणी भरलेला नवाकोरा प्लास्टिकचा डबा पुढे केला. "इसमें डालो, यार." बाबांनी डबा हातात घेतला. मीच बोलले, "सर, नल के पानी में दवाई होती है, मर जाएँगे." ही चूक आधी माझ्याच हातून झाली होती. "अच्छा, मॅडम!" म्हणून ते हसले. मी मासे ओतले, पण मडक्याच्या तळाशी सहा राखले. होडी मधल्या धारेला जाईपर्यंत डब्यातले सगळे पोट वर करून तरंगत होते. मडक्यातल्या पाचव्या माशाला मरळ लागली. साहेबांनी एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे बघत बाबांना विचारलं, "लड़की को क्या पढ़ाओगे?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉलेज, सर. साइन्स." घरी हे ऐकून आईने विचारलं, "हे कधी ठरलं?" "होडीत," बाबा म्हणाले. साहेबांसमोर दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. आज माझ्या नावापुढे बी.एस्सी. आहे. आमच्या घरातली ती पहिली पदवी.