शेकोटीची केबल

कल्पना करा, तुमच्यापुढे एक लॅपटॉप आहे. त्यात तीन सॉफ्टवेअर आहेत आणि तिन्हींत तयार वाद्य एकही नाही. नुसते तुकडे आहेत. एक तुकडा ताल मोजतो, एक आवाज वर-खाली ओढतो, एक तो मोठा करतो. पडद्यावरच्या केबलींनी ते एकमेकांना जोडून तुम्हाला एक ढोल उभा करायचा आहे. तो तुमच्या गल्लीतल्या ढोलासारखा वाजला पाहिजे. आणि वाजला की नाही हे ज्यानं ठरवायचं, तो एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा लॅपटॉपला हातही लावत नाही. आता सांगा, तिघांतलं कुठलं घ्याल?

सेल्वाताईंनी हे काम त्रेसष्टाव्या वर्षी अंगावर घेतलं.

सेल्वा पिंतोस माँतेव्हिदेओ शहराच्या पालेर्मो वस्तीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची उभी हयात एका जुन्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डवर गेली. दोनशे खोल्यांची भोकं, समोर दोऱ्यांची रांग, कुणाचा फोन कुणाला जोडायचा ते डोक्यात. हॉटेल बंद पडलं तेव्हा मालकांनी त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी भाच्याला दिलं आणि बोर्डवरच्या दोऱ्यांचं एक भेंडोळं मागून घरी आणलं. ते अजून स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलंय.

आमच्या तांड्यात, म्हणजे वस्तीच्या ढोलपथकात, ढोल तीन प्रकारचे. पियानो नावाचा मोठा ढोल जमीन धरतो, रेपिके बोलतो, आणि सगळ्यात लहान चिको एकच गोष्ट न थकता सांगत राहतो. चार जागांतली पहिली मोकळी, मग तीन ठोके. पुन्हा मोकळी, पुन्हा तीन. ऐकायला सोपं वाटतं. पण चिको नसेल तर बाकीचे दोघे उंबऱ्यावर बसलेल्या पाहुण्यांसारखे होतात, ना आत ना बाहेर.

सेल्वाताईंची मुलगी यानिना स्वीडनमध्ये माल्मो शहरात नर्स आहे. तिथं तिनं ढोल जमवले. पियानोला माणसं मिळाली, रेपिके ती स्वतः वाजवते, चिकोला कुणी मिळेना, म्हणून तो लॅपटॉपवरून वाजवायचं ठरलं. फेब्रुवारीत इथं आमची मिरवणूक निघते, त्याच दिवशी तिला तिथल्या चौकात आमच्या वस्तीचा ठोका वाजवायचा होता, आमच्या तांड्याचा झेंडा लावून. झेंडा लावायचा तर परवानगी विल्मारमामांची. सेल्वाताईंचे हे सख्खे मामा तांड्याचे प्रमुख, म्हणून सगळ्यांचेच मामा. प्रत्येक वस्तीचा ठोका वेगळा असतो, आणि आमचा ठोका मामांच्या शब्दाशिवाय वस्तीबाहेर जात नाही.

मामा म्हणाले, चिको आपल्यासारखा वाजला तर झेंडा जाईल. नाही वाजला तर यानिनानं हवं ते वाजवावं, आमचं नाव घेऊ नये. ऐकायला कधी येणार तेही सांगून टाकलं: जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, जेवणानंतर.

मी या तांड्यात रेपिके वाजवते आणि शिक्षणानं इलेक्ट्रॉनिक्सची आहे. त्यामुळे मला वाटलं होतं की ताई मला विचारतील आणि मी एका दुपारी सांगून मोकळी होईन. ताईंनी विचारलं नाही. त्यांनी वही घेतली, तिन्ही सॉफ्टवेअरना नावं दिली आणि तिघांनाही सारखेच पंधरा दिवस दिले.

पहिल्याचं नाव शोरूम. ते विकतचं होतं, महिनाभर फुकट चालवायला मिळत होतं. सगळं चकचकीत. एका तासात ढोल वाजू लागला, पण ठोके आखलेल्या चौकटींत बसले. आमचा चिको चौकटीत बसत नाही. त्याचे तीन ठोके किंचित दाटीनं येतात, बाकावर तिघं बसल्यावर चौथ्याला जागा करतात तसे. शोरूममध्ये ठोके सरकवता येत होते, पण एकदा सरकवले की जन्मभर तेवढेच. ताईंनी वहीत लिहिलं, ‘वागायला चांगला. ऐकत कुणाचंच नाही.’

दुसऱ्याचं नाव पाटी. फुकट, कुठल्याही जुन्या संगणकावर चालणारं, आणि उघडलं की पांढरा रिकामा पडदा. चौकोन काढायचे, त्यांत शब्द लिहायचे, रेघांनी जोडायचे. त्यात काहीही करता येतं हे मी ताईंना अभिमानानं सांगितलं. नवव्या दिवशी त्यांनी खरंच चिको उभा केला. मी पडदा पाहिला तर शेवयांचं ताट सांडल्यासारखं दिसत होतं. मी कौतुक केलं. त्या म्हणाल्या, “कौतुक ठेव. उद्या तिकडे काही बिघडलं तर यानिनाला यातली कुठली शेवई ओढायची ते कळेल का?”

तिसरं कपाट. तेही फुकट. पडद्यावर खरोखर कपाटासारख्या फळ्या, त्यांत तुकडे खोचायचे, आणि भोकांतून भोकांत रंगीत केबली, वजनानं खाली लोंबणाऱ्या. ते उघडून ताईंनी लोंबणाऱ्या केबली एकेक करून पाहिल्या. मग एक केबल धरून या भोकातून त्या भोकात नेली आणि हसल्या. “दोनशे चार नंबर, बोला,” म्हणाल्या.

कपाटाला खोडीही होती. ताईंच्या लॅपटॉपवर विसाच्या वर तुकडे झाले की आवाज करकरायचा. त्यांनी एकेक तुकडा काढून पाहिला आणि एकोणिसांत काम बसवलं. मायक्रोफोनमधून माझा रेपिके आत घेतला, त्यावरून कपाटाला लय कळायची. मी जरा ओढून धरलं तर चिको सावकाश मागे यायचा; उगाच पळाले तर लगेच पळायचा नाही. मी वर्गात शिकलेलं गणित वापरून हे आणखी झटपट करून देते म्हणाले. ताई म्हणाल्या, “झटपट नको. चिकोवाला रेपिकेच्या मागे धावायला लागला तर मामा त्याला तांड्यातून काढतील.”

ठोके मात्र खरे हवे होते. म्हणून एका रविवारी मिरवणुकीच्या सरावाआधी, रस्त्यात नेहमीची शेकोटी पेटली तेव्हा, ताईंनी चिको शेकून घेतला. आमच्या ढोलांवर चामडं खिळ्यांनी ठोकून बसवलेलं. चामडं ताणायला आगीशिवाय दुसरा उपाय नाही. सूर चढला तसा त्यांनी ढोल अंगणात आणला आणि ध्वनिमुद्रण केलं. आधी सगळे जोराचे ठोके, मग मध्यम, मग हलके. चाळीस मिनिटं काम चाललं. नीट, क्रमानं, वहीत खुणा करत.

जानेवारीचा दुसरा रविवार आला. मामा आले, टोपी मांडीवर ठेवून बसले, मातेचा कडू चहा घेतला, डोळे मिटले. मी रेपिके सुरू केला. चिको आला, माझ्याबरोबर चालला, मी थांबले तेव्हा थांबला. मी मनात नाचत होते.

मामांनी डोळे उघडले. “हे दोन ढोल आहेत,” ते म्हणाले. “एक आत्ता आगीवरून उचललाय. दुसरा कालपासून कोपऱ्यात पडलाय.”

ताई उठून वही घेऊन आल्या आणि पुन्हा बसल्या. चूक त्यांना माझ्याआधी कळली. चाळीस मिनिटांत चामडं थंड होत गेलं होतं. जोराचे सगळे ठोके चढ्या सुरात, हलके सगळे उतरलेल्या. लहानपणापासून शेकोटीभोवती वाढलेल्या बाईनं आग विसरून ढोल मोजला होता.

मी म्हटलं, हे सोपं आहे, सगळ्यांचा सूर एका पातळीवर आणू. मी ते तिथेच करून दाखवलं. मामांनी पुन्हा ऐकलं. चिको शोरूममधल्या ढोलासारखा वाजला, गोड आणि सरळ.

“हा थंडच होत नाही,” मामा म्हणाले. “पोरी, जो थंड होत नाही त्याला शेकोटीपाशी आणायचं कशाला? आणि शेकोटीपाशी आलाच नाही तर तो आपला कसा?”

त्रेसष्ट वर्षांच्या ‘पोरी’नं मान हलवली. मामांनी आणखी एक रविवार दिला.

तो आठवडा मी त्यांच्या स्वयंपाकघरात नव्हते, कामावर होते. शुक्रवारी खाली गेले तर ताई चहाच्या टेबलाशी बसलेल्या, चष्मा कपाळावर. त्यांनी सगळे ठोके एका पातळीवर आणले होते, मी केले होते तसेच. मग कपाटात एक विसावा तुकडा खोचला होता, एक अगदी संथ घड्याळ. त्यातून एक पिवळी केबल निघून सगळ्या ठोक्यांच्या सुराला जोडलेली. घड्याळ चाळीस मिनिटांत सूर हळूहळू खाली ओढत होतं, कानाला कळणार नाही इतक्या सावकाश. आणि शेजारी एक बटण. दाबलं की सूर पुन्हा वर. बटणावर त्यांनी लिहिलं होतं, शेकोटी.

हे इतर दोघांत होईल का, हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. शोरूममध्ये सूर तुकड्याच्या पोटात कुलूपबंद होता. पाटीत झालं असतं, आणखी शेवया घालून. कपाटात एक केबल पुरली. वहीत तीन सॉफ्टवेअरच्या तीन उभ्या रांगा होत्या. त्याखाली आडवी रेघ मारून त्यांनी फक्त ‘पिवळी’ असं लिहिलं होतं. मी चार वर्षं शिकले, दोन वर्षं नोकरी केली, पण यंत्राला उणीव जोडून द्यायची असते हे मला सुचलं नव्हतं.

रविवारी मामांनी पूर्ण चाळीस मिनिटं ऐकलं. माझे हात भरून आले तरी थांबू दिलं नाही. शेवटी शेवटी त्यांची बोटं अस्वस्थ झाली, मांडीवरच्या टोपीवर वाजू लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, “उतरलाय. न्या याला आगीपाशी.”

ताईंनी बटण दाबलं.

सूर चढला. मामा उठले, टोपी घातली, आणि दारातून म्हणाले की झेंड्याला इस्त्री करून पाठवा, चुरगळलेला नको. जाताना लॅपटॉपवर दोन बोटं टेकवली, ढोलाचं चामडं चाचपतात तशी. गल्लीत मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांनी हे फक्त ढोलांशी केलंय.

फेब्रुवारीत माल्मोच्या चौकात तो वाजला. यानिनानं व्हिडिओ पाठवला. दहाजण, जाड कोटांत, पत्र्याच्या डब्यात शेकोटी, आणि बाबागाडीत दुलई गुंडाळलेला लॅपटॉप नि स्पीकर. वर आमचा झेंडा, इस्त्री केलेला. आमच्या जिन्यात तो व्हिडिओ इतक्या वेळा वाजला की तिसऱ्या मजल्यावरचे ओस्माररावही म्हणाले, हा ठोका आमचाच. ओस्मारराव एरवी ढोलांची तक्रार करतात.

ताईंनी मात्र व्हिडिओ एकदा कौतुकानं पाहिला आणि नंतर कानांनी. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी तो थांबवला. कपाटातला चिको ठरल्याप्रमाणे उतरत चालला होता, पण यानिनाच्या हातातला खरा रेपिके अजून चढाच होता. इथं नदीवरून दमट वारा येतो, चामडं लवकर सैल पडतं. तिथली हवा कोरडी, हाडं गोठवणारी. घड्याळ ताईंनी आमच्या हवेचं लावलं होतं.

त्या दिवसापासून त्या भेटेल त्याला एकच गोष्ट विचारतात: मामांना, मला, चामडं कमावणाऱ्याला, फोनवर यानिनाला. अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी अशा थंडीत ढोल शेकला असेल तर त्यांना कळवा: आगीवरून उचलल्यावर, त्या कोरड्या गारठ्यात, चामडं किती मिनिटं सूर धरतं?