माझ्या तोंडचं शहाणपण

आमच्या अहमदपुरात कुणाच्या घरी बैठक बसली की मला बोलावणं यायचं. सोयरिकीची बैठक, भावाभावांच्या वाटणीची, नाहीतर नांदायला जात नाही म्हणणाऱ्या पोरीची. मी चौथी शिकलेला, पिठाची गिरणी चालवणारा माणूस. डोक्यावरचं पीठ झटकायचं, धुतलेला सदरा घालायचा आणि जायचं. बाकीचे बोलून बोलून थकले की म्हणायचे, "आता अप्पा काय म्हणतात ते बगा." मी बोलायचो, आणि बहुतेक वेळा तसंच ठरायचं.

त्याच्या आधी मी धोंडा होतो. माझा बाप मला धोंडाच म्हणायचा. बैलाला पाणी पाजायला उशीर झाला तरी धोंडा, सोयऱ्यापुढं तोंड उघडलं नाही तरी धोंडा. रोज ऐकून ऐकून मला त्यात वावगं काही वाटायचं बंद झालं होतं. कुणी काही विचारलं की मी आधीच धरून चालायचो, आपल्याला ते यायचं नाही. मग लग्न झालं, गिरणी टाकली, आणि हळूहळू मी गल्लीतला शहाणा माणूस झालो. कसा झालो, याचा मी कधी विचार केला नाही. चांगलं काही झालं की माणूस त्याचं कारण शोधत बसत नाही.

बायको गेल्या थंडीत गेली. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून मूठमाती दिली. लातूरचा मुलगा म्हणाला, "चला माझ्याकडं." मी नाही म्हणलं. त्याच्या घरात मला पाणी कुठं असतं तेही विचारावं लागतं. इथं गिरणी बंद करून टाकली. पट्टा काढून खुंटीला टांगला. सकाळी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा होते, मग दिवस पुढं सरकत नाही. भाकरी शेजारून येते. खरं सांगायचं तर मी थकलो आहे, आणि काम काहीच करत नाही.

उन्हाळा लागता लागता समोरच्या घरातला टेलर आला. त्याची पोरगी माहेरी येऊन बसली होती. सासर कंधारकडं एका खेड्यात. नवरा नांदेडला कंपनीत कामाला, तिथं खोली करून एकटा राहायचा, आणि ही सासूजवळ. पोरीचं म्हणणं एवढंच होतं की मला नवऱ्याबरोबर नांदेडला राहू द्या. सासर तयार नव्हतं.

ती पोरगी मी लहानपणापासून बघितलेली. बारावी झालेली, गल्लीतल्या लेकरांची शिकवणी घ्यायची, माझ्या गिरणीतल्या पाटीवरची चूकसुद्धा मला ओरडून सांगायची. आणि आता ती माहेरी आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो तर चहा करताना तिनं मला दोनदा विचारलं, साखर किती घालू. आईला विचारलं, कप कोणते घेऊ. चहा देताना म्हणाली, "बिघडला असंल अप्पा, मला नीट येत न्हाई." चहा चांगला होता. सासू तिला उठता बसता म्हणायची म्हणे, हिला हातच न्हाईत. मला माझा बाप आठवला. हिला आता परत तिकडं धाडलं तर वर्षभरात हिचंही तसंच होणार, एवढं मला कळलं. त्याच्यावर काय करायचं ते कळलं नाही.

टेलर म्हणाला, "अप्पा, रविवारी ते लोक येऊन राहिले. तुम्ही बसायचं. तुमच्याबिगर माझं कोण ऐकणार?"

मी हाव म्हणलं. इज्जतीचा प्रश्न होता. पण घरी आलो आणि डोकं रिकामं. काय बोलायचं? आठवायला लागलो की मागं मी काय काय बोललो, तर बोललेलं आठवायचं, पण ते मला सुचलं कधी, ते काही आठवेना. म्हणलं, दुःखानं झालं असंल. तिथं बसलं की येईल.

रविवारी ते आले. सासरा, पोरीचा नवरा आणि त्याचा मामा. सासरा पान चघळत गप्प. नवरा मोबाइलात मान घालून. बोलणारा तो मामाच.

"पोरगी वाईट न्हाई," मामा म्हणाला, "पण काही येत न्हाई तिला. शिकवायला सासू पायजे का न्हाई? नांदेडला त्या भाड्याच्या खोलीत काय शिकणार, टीव्ही लावायला?"

टेलर म्हणाला, "आमचे अप्पा सांगतील काय ते."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चटईकडं बघत राहिलो.

मामा हसला. "अप्पांचा डोळा लागला काय?"

"जागा हाय मी," मी म्हणलं. "पण मला काही सुचून न्हाई राहिलं."

टेलरचं तोंड उतरलं. आतल्या दाराशी पोरगी उभी होती, ती मागं सरकली. सासऱ्यानं समजून घेतल्यासारखी मान हलवली, बायको गेली बिचाऱ्याची, अशी. मामानं पाय मोकळे केले, आता उठू या म्हणून.

तेवढ्यात टेलरची बायको चहा घेऊन आली. माझ्यापुढं कप धरला आणि तिथंच उभी राहिली.

"अप्पा, असं कसं? परवा तुम्हीच म्हणत होता नव्हं? की सासूचं खरं हाय, शिकवायला पायजेच. पण पोरगा खानावळीत जेवून वाळून चालला, उद्या पोट धरून बसला तर त्याचं कोण बघणार, मामा बघणार का? दिवाळीपर्यंत नांदेडला राहू द्या, सासूबाईनं मधी मधी जाऊन शिकवावं, अन् मग बसून ठरवावं. तुम्हीच म्हणला होता."

मी असं काही म्हणलो नव्हतो. आयुष्यात नव्हतो. तिनं कप सोडला नव्हता, आणि डोळे माझ्यावर रोखलेले.

"हाव," मी म्हणलं. "म्हणलो होतो."

मग मी तेच सगळं पुन्हा बोललो, मोठ्या आवाजात, थांबून थांबून, जसा मी बैठकीत बोलतो तसा. मामा म्हणाला, "हे मात्र पटण्यासारखं बोलले बगा अप्पा." अहो, ती बाई त्याच्यासमोर उभं राहून बोलली होती! पण पटलं ते माझं. पोरीच्या नवऱ्यानं मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "मला चालतंय. खानावळीचं तेल लई खराब हाय." तेवढंच बोलला तो सगळ्या बैठकीत. सासऱ्यानं बाहेर जाऊन पान थुंकलं आणि दिवाळीपर्यंत ठरलं.

मी रस्ता ओलांडून घरी आलो आणि ओट्यावर बसलो. "तुम्हीच म्हणला होता." हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. जन्मभर ऐकलेलं. बैठकीला निघताना सदऱ्याची गुंडी लावून देता देता माझी बायको असंच बोलायची. तुम्हीच म्हणत होता ना परवा, की विहीर दोघांत ठेवावी आणि मोटारीचा दिवस वाटून घ्यावा. तुम्हीच म्हणत होता ना, की पोरीचं शिक्षण होईस्तोवर साखरपुडा नको. मला वाटायचं, म्हणलो असंन. आणि परत आल्यावर मी तिला सगळं सांगायचो, मी असं बोललो, तसं बोललो. ती ताट वाढता वाढता पहिल्यांदाच ऐकल्यासारखी म्हणायची, "अगं बाई! मग काय म्हणले लोक?"

दुसऱ्या दिवशी टेलरची बायको भाजीची वाटी घेऊन आली. मी सरळच विचारलं. "मी कवा म्हणलो होतो ते?"

ती हसली. "न्हाई म्हणलात. आक्का तसंच करायच्या."

"तुला कसं ठाऊक?"

"गल्लीतल्या सगळ्या बायांना ठाऊक हाय, अप्पा. दळण घेऊन यायचो अन् ओट्यावर आक्काजवळ बसायचो. ज्याच्या घरी बैठक, त्या घरची बाई दोन दिवस आधी यायची. सगळं सांगायची. अप्पाच्या तोंडून येऊ द्या म्हणायची."

त्या ओट्यावर बसायच्या आणि मी आत पट्ट्याच्या आवाजात. मला कधी काही ऐकू आलं नाही.

"म्हणजे मी तुमचा भोंगा होतो."

"भोंगा तर भोंगा," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला मी लग्न झाल्यापासून सांगून राहिले, एक गोष्ट कानात जात न्हाई. तुमच्या जायची."

"गिरणीनं कान गेले माझे. म्हणून आक्का ओरडून सांगायची."

ती तोंडाला पदर लावून हसली आणि वाटी ठेवून गेली. मला हसू आलं नाही. मला बायकोचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग लई वाईट. भांडायला समोर कुणी नसतं. बापानं धोंडा म्हणलं, मी धोंडा झालो. तिनं शहाणा म्हणलं, मी शहाणा झालो. मग मी स्वतः कोण, ते बघायला मी कधी गेलोच नाही, आणि आता या वयात कुठं जायचं? चारपाच दिवस मी कुणाशी बोललो नाही. भाकरी आली ती खाल्ली. तिच्या फोटोला विभूती लावायची तीही लावली नाही.

मग पोरगी नांदेडला निघाली. नवरा न्यायला आला होता. पिशवी खाली ठेवून ती माझ्या पाया पडली.

"अप्पा, तुमच्यामुळं झालं."

"खोटं बोलू नको. तुझ्या आईमुळं झालं."

तिनं पिशवी उचलली. "ठाऊक हाय की," ती म्हणाली. "पण आईचं कोण ऐकलं असतं?" आणि मग नवऱ्यावर ओरडली, "रिक्षा थांबव ना, बस जाईल!" तो पळत गेला. मला बरं वाटलं. कुणाला न विचारता ओरडली.

राग गेला असं म्हणता येत नाही. थोडा बसला. भोंगा तर भोंगा, पण त्यातून जे निघालं त्यानं एक पोरगी बसमधी बसली. आता हे मला ठाऊक असताना पुन्हा शहाणा म्हणून मिरवणं जमणार नाही, आणि धोंडा म्हणून गप्प बसणंही जमणार नाही.

परवा मागच्या आळीतला एकजण आला. त्याची भावाशी भिंतीवरून कटकट चालू आहे. म्हणाला, "अप्पा, बसावं लागतंय तुम्हाला."

मी म्हणलं, "घरी जा. बायकोला विचार काय करावं. भावजयीला पण विचार. दोघी काय म्हणतात ते मला येऊन सांग, मग येतो. अन् बैठकीत मी सांगणार की हे त्यांचं हाय, माझं न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तब्येत बरी हाय ना, अप्पा?"

"बरी हाय. जा."

तो गेला. पुढच्या ओट्यावरच्या माणसाला काहीतरी सांगताना दिसला, डोक्याकडं बोट करून. अजून आला नाही. येईल नाहीतर न येईल, पण मी दार लोटून घेतलेलं नाही.