धाकटीचा चिंचोका
चिंच फोडायला बसलं की त्या आंबट वासाबरोबर माझी थोरली जाऊ आठवते. दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट, मी सोलापुरात नुकतीच नांदायला आले होते. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, सासूबाईंचा डोळा लागला, की आम्ही दोघी माजघरात चिंचोके लावून तीन पत्ती खेळायचो. नियम तिचाच. धाकटीनं पानं बघायच्या आधी एक चिंचोका टाकायचा, थोरलीनं नंतर बोलायचं. ती लगेच दुप्पट टाकायची आणि मी घाबरून पानं सोडून द्यायची. "एका चिंचोक्यापायी पळतीस व्हय गं? अशानं मी पानं न बघताच जिंकीन की," ती हसायची. त्या वर्षी पंचमीला एकाच सुनेला माहेरी धाडायचं ठरलं. कोण जाणार, ते आम्ही पत्त्यांवर सोडलं. तिनं दुप्पट टाकले. माझ्या हातात दुर्री, पंजी, नव्वी, म्हणजे काहीच नव्हतं. पण माहेरचा, माढ्याचा लिंबाखालचा झोका डोळ्यांपुढं आला आणि मी त्याच्याही दुप्पट सारले. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग पानं पालथी ठेवून म्हणाली, "शिकलीस की. जा, झोका खेळून ये." परत आले तर तिनं झोका किती उंच गेला तेसुद्धा खोदून खोदून विचारलं. आता माहेर राहिलं नाही, तीही नाही. चिंच फोडताना अजून एक चिंचोका नकळत पुढं सरकवते, आणि समोरून कुणी दुप्पट टाकतंय का म्हणून थांबते.