बसच नाही, म्हणून लांब रांग

शेवंता रंगारी निवृत्त झाली तेव्हा मुलाने तिला मोबाइल घेऊन दिला. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी राहिलेली बाई आता बसून काय करणार, तर हिंदी मुलखातल्या आपल्या करुणानगर वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकांची भांडणं वाचायची. ग्रुपचं नाव 'अपना करुणानगर', सभासद दोनशेच्या वर. वाचायची सगळं, लिहायची काहीच नाही.

२०२२च्या फेब्रुवारीत करुणानगरहून राइट टाउनमार्गे बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाणारी बस बंद झाली. मुलींचं कॉलेज अडलं, कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायांचा रोजचा वांधा झाला. शेजारची मीरा सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करायची. तिने ऑनलाइन अर्ज तयार केला आणि तीन दिवसांत नऊ हजार सह्या आल्या. ग्रुप नुसता उसळला. पण बस काही आली नाही.

मग वाद पेटला. कारखान्यातून निवृत्त झालेले बाबाराव ढोके जुने युनियनवाले. त्यांनी लिहिलं, "मोबाइलवर बोंबलून सरकार हलत नसते. रस्त्यावर या."

मीराने लगेच उत्तर दिलं, "काका, मागच्या साली पाण्यासाठी तुम्हीच मोर्चा नेला होता ना? क्या हुआ? आंदोलनाने आजकाल काहीच होत नाही."

दोन दिवस हेच चाललं होतं. कोणी दूरदेशीच्या चौकांतल्या गर्दीचे दाखले देई, कोणी हात जोडल्याची चित्रं टाकी. तिसऱ्या दिवशी सकाळी कुकर गॅसवर ठेवून शेवंताने मोबाइलवर व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं आणि जन्मात पहिल्यांदा ग्रुपवर बोलली.

"मी रंगारी सिस्टर बोलून राहिली. आम्ही नर्सांनी दवाखान्यात पाळणाघरासाठी संप केला होता. नऊ दिवस गेटवर बसलो, कोणी ढुंकून पाहिलं नाही. दहाव्या दिवशी धोबीखान्यातल्या बाया आमच्यात आल्या. दवाखान्याच्या मोठ्या साहेबाच्या वॉर्डात धुतलेली चादर उरली नाही, अन् दुपारीच बोलावणं आलं. किती लोक ओरडले हे कोणी पाहत नाही, बाई. कोणाचं काम अडलं ते पाहतात. मीरा, तुझ्या नऊ हजारांत आपल्या वॉर्डाचे किती?"

मीराने दुपारभर यादी चाळली. तीनशे बारा.

"बास! ते माझे," शेवंता म्हणाली. "उद्या आठ वाजता बस स्टॉपवर या. घोषणा नाही, बॅनर नाही. बससाठी लाइन लावायची."

"पण बस येणार नाही ना, मावशी!"

"म्हणूनच तर!"

पहिल्या दिवशी तेवीस जण आले. शेवंता सगळ्यात पुढे, हातात पिशवी, अंगावर धुवट पांढरी साडी. मीराने फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'आज २३. बस नाही.' दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. बाबाराव 'ही काय नाटकं' म्हणत बघायला आले आणि रांगेतच उभे राहिले. मीराच्या फोटोंनी घराघरातले लोक बाहेर काढले. जो आला नाही त्याला शेजारी विचारू लागले, "काहून बा, आज दिसला नाहीस?"

पाचव्या दिवशी दीडशे माणसं झाली. स्टॉपपासून सुरू झालेली रांग वळणावरून थेट पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, ऑफिससमोर गेली. निवडणूक चार महिन्यांवर, आणि मागच्या वेळी ते अवघ्या एकशे नव्वद मतांनी निवडून आलेले. त्यांची गाडी फाटकातच अडली. ते खाली उतरले, रांगेच्या कडेकडेने चालत शेवंतापाशी आले.

"दीदी, ये क्या है?"

"लाइन है, भैया. बस की."

"पर बस तो बंद है!"

"इसीलिए तो इतनी लंबी है," शेवंता म्हणाली.

हशा मागे मागे पसरत वळणापर्यंत गेला. पार्षदही हसले, पण घाम पुसत. पासष्टाव्या वर्षी अंगात असं वारं भरेल हे शेवंताला ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी, आठ वाजून दहा मिनिटांनी, वळणावर हॉर्न वाजला. "आली! आली रे!" बाबाराव लहान पोरासारखे ओरडले. बायांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. ड्रायव्हर बिचारा घाबरलाच. आधी चार फेऱ्या होत्या, आता दोनच मिळाल्या. बाकीच्या दोन फेऱ्यांसाठी पुन्हा उभं राहावं लागणार होतं. पण त्या सकाळी शेवंता खिडकीपाशी बसून राइट टाउन मागे जाताना बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

ग्रुपवर संध्याकाळी पुन्हा जुंपली. मीरा म्हणे, फोटोंनी झालं. बाबाराव म्हणत, रांगेने. तिसरा म्हणे, निवडणूक नसती तर दोन्ही फुकट गेलं असतं.

"तिघंही खरं बोलून राहिले," शेवंताने सांगितलं. "धोबीखान्यातल्या बायांची साथ, आमचा संप अन् साहेबाची गरज, तिन्ही एका दिवशी जुळावं लागते. पण जुळेपर्यंत उभं तर राहावं लागते ना!"

तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून शेवंताला मेसेज आला; रांगेचे फोटो फिरत फिरत दूरवर पोहोचले होते. कुंडमकडच्या एका गावातली पुष्पा धुर्वे हिंदीत विचारत होती: आमच्या आरोग्य उपकेंद्रात सहा महिन्यांपासून नर्स नाही, रांग कशी लावायची?

शेवंताने चष्मा लावला, मेसेज दोनदा वाचला आणि तिचा नंबर फिरवला. "हां पुष्पा, बोल," ती उत्साहाने म्हणाली. "पहले ये बता, लाइन से किसका काम अटकेगा?"