फेटा बांधून दवाखान्यात

सकाळी सातच्या चहाला माझ्या सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली आणि हातातली बशी निसटली. लकवाच तो. मी म्हटलं, "दवाखान्याची मोटार बोलवा."

सासूबाई किंचाळल्या, "ती प्लेगच्या रोग्यांना नेते! दारात उभी राहिली तर उद्या आपल्याकडे कुणी पाणी पिणार नाही."

मामंजींनीही अर्ध्या तोंडाने हुकूम सोडला, "टांगा आणा. आधी फेटा."

उघड्या डोक्याने उंबरा ओलांडणं त्यांना मरणाहून वाईट वाटे. फेटा ते स्वतःच बांधत. आता एका हाताने जमेना आणि दुसऱ्या कुणी बांधलेला पटेना. माझ्या नवऱ्याने तीनदा बांधला, त्यांनी तीनदा ओढून काढला. दहा वाजले. मी नुसती चरफडत होते. सुनेचं ऐकतो कोण!

शेवटी दोघांनी धरून त्यांना टांग्यात बसवलं. पंचवटीची अख्खी गल्ली दारात आली. सासूबाई हसून म्हणाल्या, "सिन्नरला लग्नाला चाललोय!"

मामंजी पुन्हा चालले नाहीत. महिन्याभराने शेजारीण त्यांना बघायला आली, खाटेशी बसली आणि मलाच बोलली, "लग्नाचा लाडू तरी पाठवायचा होतास गं."