तीनशे बारा नंबरचा खोकला

मिस्त्रींचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना हात देऊन बाहेर ओढलं, आणि गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत बसून दिवसाला दीड पाकीट सिगारेटी ओढल्या. बायको गेली त्या वर्षी सिगारेट सुटली. "ती असताना सोडली असती, तर निदान खूश तरी झाली असती," असं ते स्वतःशीच म्हणायचे. एकुलती एक मुलगी दूरदेशी. रविवारी फोन करायची, पण मागे पोरांचा कल्ला. "जेवलात ना? गोळ्या घेता ना?" यापुढे गाडी जायची नाही.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी दवाखान्यात एक कागद त्यांच्या हातात पडला. पुष्कळ वर्षं सिगारेट ओढलेली माणसं हवी होती. फुप्फुसाचा कॅन्सर त्रास सुरू व्हायच्या आधीच स्कॅनमध्ये सापडतो का, आणि त्यामुळे माणसं वाचतात का, याचा अभ्यास चालला होता. अर्ध्या लोकांचा दरवर्षी स्कॅन, उरलेल्या अर्ध्यांना दर तीन महिन्यांनी नुसता फोन. कोण कुठे, ते कॉम्प्युटर ठरवणार. मिस्त्री फोनवाल्यांत गेले.

"म्हणजे आमच्या वाट्याला नुसत्या गप्पा?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"गप्पा नाहीत हो, प्रश्न."

पण गप्पाच झाल्या. फोनवर एक बाई असायची. "काका, सात-आठ प्रश्न आहेत, वेळ आहे ना?" वेळ! मिस्त्रींना हसू यायचं. खोकला आहे का, दम लागतो का, वजन उतरलं का, थुंकीत रक्त दिसतं का, असं ती कागदावरून वाचायची. शेवटी विचारायची, "आणखी काही सांगायचंय?"

तेवढ्या एका प्रश्नावर मिस्त्रींचे तीन महिने निघायचे. घटस्फोटाला निघालेलं जोडपं कोर्टाच्या लिफ्टमध्ये दीड तास अडकलं आणि हातात हात घालून बाहेर आलं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली होती. "वकिलाने मात्र मला शिव्या घातल्या," असं मिस्त्रींनी वर जोडलं. फोनच्या दिवशी ते सकाळीच दाढी करायचे. फोनवर दाढी कुणाला दिसते, हे त्यांनाही कळत होतं.

चौथ्या वर्षी खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग जिना चढताना धाप. मिस्त्री घाबरले. पण त्यांनी तो अभ्यासाचा कागद काढून, चष्मा लावून पुन्हा वाचला होता. ज्यांना आजार निघेल त्यांचे फोन बंद होतील, पुढची माहिती हॉस्पिटलच्या कागदांतून घेतली जाईल, असं त्यात स्पष्ट होतं.

"खोकला?" बाईने विचारलं.

"छे छे! ठणठणीत आहे."

त्या वेळी वेळ मारून नेली. पुढच्या खेपेला ते आधीच कोमट पाणी पिऊन बसले. पण गोष्ट सांगता सांगता अशी उबळ आली की रिसीव्हर हातभर लांब धरावा लागला.

"काका, हा खोकला कधीपासूनचा?" पलीकडून प्रश्न आला.

"हवा बदललीय ना."

"मागच्या वेळीही तुम्ही मधेच फोन लांब धरला होता. लिफ्टच्या आवाजावरून तुम्ही सांगता ना, कुठे काय बिघडलंय? मी चार वर्षं तुमचा आवाज ऐकतेय. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा."

"हे तुमच्या कागदावर आहे?"

"नाही," ती म्हणाली.

एक्स-रे झाला, स्कॅन झाला, सुई घालून तुकडा काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कॅन्सरची गाठ होती. "अजून पसरलेली नाही," सर्जन म्हणाले. "पण आणखी थांबला असतात, तर कापूनही उपयोग झाला नसता." वरचा भाग काढून टाकला. मुलगी दहा दिवस आली. तिने फ्रीज गच्च भरला, न्हाणीघरात नळ सोडून रडली आणि परत गेली.

फोन नियमाप्रमाणे बंद झाले.

तीन महिन्यांनी, ठरल्या तारखेला मिस्त्री दाढी करून बसले. कुणीच विचारलं नाही. आणखी दोन महिन्यांनी न राहवून ते त्या ऑफिसात गेले. सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर, कानाला हेडफोन. चेहऱ्याआधी आवाज सापडला. "सात-आठ प्रश्न आहेत, वेळ आहे ना?" खिडकीपाशी पाठमोरी बसून ती विचारत होती. मग, "आणखी काही सांगायचंय?" पलीकडून कुणीतरी काही सांगितलं. ती खळखळून हसली. तेच हसणं.

मिस्त्री मागे वळले. तेवढ्यात त्यांना खोकला आला.

ती झटकन वळली. "तीनशे बारा?"

नावं तिला दिसतच नसत, फक्त नंबर. ती हेडफोन काढून उठली. बाहेरच्या बाकावर दोघांनी मशीनचा पांचट चहा घेतला. कागदाबाहेरचा सल्ला दिल्याबद्दल साहेबांनी तिला फैलावर घेतलं होतं. "म्हटलं, ऐकू आलं ते ऐकलंच नाही असं कसं म्हणू?"

"मी लपवलं," मिस्त्री म्हणाले. "फोन बंद झाला असता म्हणून."

तिने कप बाकावर ठेवला. "काका, मी दिवसाला चाळीस फोन करते."

"हो. आत्ताच ऐकलं."

चहाची सुट्टी संपली तशी ती उठली. जाताना तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ऑपरेशननंतर त्यांना कुणी असा हात लावला नव्हता.

दोन वर्षांनी पत्र आलं. अभ्यास संपला होता. स्कॅनवाल्यांत या आजाराने कमी माणसं दगावली होती. आता वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्या सगळ्यांचाच स्कॅन करायचं ठरलं होतं. मिस्त्रींची स्वतःची तपासणीही प्रत्येक वेळी साफ निघत होती. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मुलीची ती कामाची वेळ. शेजारी कुलूप.

ते पत्र घेऊन खाली उतरले. फाटकापाशी वॉचमन सिगारेट ओढत बसला होता. "किती वर्षं ओढतोयस रे?" त्यांनी विचारलं. तो ओशाळला, "वीस-बावीस झाली असतील."

मिस्त्री त्याच्या शेजारच्या स्टुलावर टेकले आणि मोठ्याने वाचू लागले. दुसऱ्या ओळीलाच गाडीचा हॉर्न वाजला आणि वॉचमन फाटक उघडायला धावला. मिस्त्री कागद धरून बसून राहिले. तो परत आला तसं त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.